युरोपातला पहिला हिवाळा: दोघांनी प्रवास कसा आखावा

म्युनिकमध्ये डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य सकाळी आठच्या सुमारास उगवतो आणि दुपारी साडेचारच्या आत मावळतो. पुण्याहून किंवा नाशिकहून नोकरीनिमित्त इथे आलेल्या जोडप्याला थंडीची धास्ती आधीपासून असते, कारण थंडीबद्दल प्रत्येक जण बजावून सांगतो. या अंधाराबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढत नाही. प्रत्यक्षात हिवाळ्यातले बेत थंडीपेक्षा लहान दिवसामुळेच अधिक फसतात. आम्ही दोघांनी पहिल्या वर्षी चार दिवसांत साल्झबर्ग, व्हिएन्ना, ब्रातिस्लाव्हा आणि प्राग अशी चार शहरे ‘करायचे’ ठरवले होते, आणि आज त्यांपैकी दोन शहरांची फक्त रेल्वे स्थानके आणि काळोखातले ओले रस्ते तेवढे आठवतात. पुढची माहिती दक्षिण जर्मनीत राहणाऱ्या, जवळ जर्मन निवास परवाना असलेल्या आणि मोटारीऐवजी रेल्वेने फिरणाऱ्या जोडप्याला डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे. आपसांतल्या सीमा खुल्या ठेवणाऱ्या युरोपीय देशांच्या शेंगेन गटातल्या दुसऱ्या देशात राहणाऱ्यांनाही तिचा बराचसा भाग लागू पडेल.

पहिली पायरी: कागदपत्रे

शेंगेन गटात सध्या २९ देश आहेत. त्यांपैकी एका देशाचा वैध निवास परवाना आणि वैध पासपोर्ट जवळ असेल, तर उरलेल्या देशांत कोणत्याही १८० दिवसांच्या काळात ९० दिवसांपर्यंत वेगळ्या व्हिसाशिवाय फिरता येते. जर्मनीत राहणाऱ्याचे जर्मनीतले दिवस या ९० मध्ये धरले जात नाहीत. स्वित्झर्लंड आणि नॉर्वे युरोपीय संघात नसले, तरी शेंगेनमध्ये आहेत. ब्रिटन आणि आयर्लंड शेंगेनमध्ये नाहीत, आणि तिथे जाण्यासाठी भारतीय पासपोर्टधारकाला वेगळा व्हिसा काढावा लागतो. स्वस्त विमानाचे तिकीट पाहून डब्लिनचा बेत आखणारी आणि नंतर कपाळाला हात लावणारी मंडळी दर वर्षी भेटतात.

सीमेवर तपासणी होत नाही, हा समज आता सोडून द्यावा. जर्मनीने सप्टेंबर २०२४ पासून आपल्या सर्व भूसीमांवर तात्पुरती तपासणी सुरू केली आहे, आणि साल्झबर्गहून परतणाऱ्या गाडीत फ्रायलासिंग या सीमेवरच्या जर्मन स्थानकावर पोलीस डब्यात शिरून कागदपत्रे पाहतात. त्यांना मूळ पासपोर्ट आणि मूळ निवास कार्ड लागते. मोबाइलमधला फोटो किंवा झेरॉक्स चालत नाही. नवराबायकोचे कार्ड स्वतंत्र असते, त्यामुळे एकाच्या कार्डावर दुसऱ्याचा प्रवास होत नाही. आमच्या पहिल्या परतीच्या प्रवासात माझे कार्ड आदल्या दिवशी घातलेल्या दुसऱ्या जाकिटाच्या खिशात राहिले होते, आणि ते जाकीट वरच्या फळीवरच्या बॅगेत अगदी तळाशी होते. पोलीस शांतपणे उभे राहिले, नवऱ्याने बॅग उतरवली, आणि थर्मल, मोजे, अर्धवट वाळलेले हातमोजे असा आमचा सगळा संसार भरल्या डब्यासमोर उपसला गेला. हिवाळ्यात जाकिटे बदलतात, म्हणून खिसे बदलतात. तेव्हापासून दोघांची कार्डे आणि पासपोर्ट कपड्यांच्या आत गळ्यात अडकवायच्या एका सपाट पाकिटात असतात, आणि घराबाहेर पडताना ते पाकीट हाताने चाचपून पाहिल्याखेरीज दार ओढून घेतले जात नाही.

परवान्याच्या नूतनीकरणाचा अर्ज दिलेला असेल आणि हातात केवळ तात्पुरते प्रमाणपत्र असेल, तर परदेशी नागरिकांच्या कार्यालयाकडून त्या प्रमाणपत्रावर जर्मनीबाहेर जाऊन परत येता येईल असे लेखी उत्तर मिळेपर्यंत सीमा ओलांडू नये. त्या हिवाळ्यात खुद्द जर्मनीतच पाहण्यासारखे पुष्कळ आहे.

दुसरी पायरी: तारखा

युरोपचा हिवाळा पर्यटकाच्या दृष्टीने सलग नसतो. त्याचे चार वेगळे तुकडे पडतात, आणि कोणत्या तुकड्यात रजा घ्यायची यावर खर्च आणि अनुभव दोन्ही ठरतात.

नोव्हेंबरच्या अखेरीपासून २३ डिसेंबरपर्यंत नाताळबाजारांचे दिवस असतात. न्यूरेंबर्गचा प्रसिद्ध बाजार अॅडव्हेंटच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांच्या काळातल्या, पहिल्या रविवारच्या आधीच्या शुक्रवारी उघडतो आणि २४ डिसेंबरला दुपारी आवरतो. जर्मनीतले बहुतेक बाजार याच सुमारास उठतात, हे नवख्या माणसाच्या ध्यानात येत नाही. नाताळची सुट्टी लागल्यावर नाताळचा बाजार पाहायला निघावे, तर तिथे लाकडी टपऱ्या उतरवणारे कामगार तेवढे भेटतात. व्हिएन्नात नगरभवनासमोरचा बाजार २६ डिसेंबरपर्यंत चालतो, म्हणून उशिरा रजा मिळालेल्यांनी ऑस्ट्रियाकडे वळावे.

२४ ते २६ डिसेंबर हे दिवस प्रवासाचे नाहीत, मुक्कामाचे आहेत. २४ तारखेला दुपारी दोनच्या सुमारास दुकाने बंद होतात आणि पुढचे दोन दिवस सार्वजनिक सुट्टीचे असतात. नॉयश्वानस्टाइनचा किल्लाही २४, २५, ३१ डिसेंबर आणि १ जानेवारीला बंद असतो. आपल्याकडे दिवाळीच्या दिवशी रस्ता उजळून निघतो. इथे सणाच्या संध्याकाळी रस्ता ओस पडतो आणि खिडक्या उजळतात. हे एकदा माहीत असले की त्या शांततेची मजा घेता येते, नाहीतर उपाशीपोटी वणवण करावी लागते.

२७ डिसेंबर ते ६ जानेवारी हा सगळ्यांत महाग काळ आहे. ६ जानेवारीला तीन राजांचा सण म्हणून बव्हेरिया, बाडेन-व्युर्टेंबर्ग आणि ऑस्ट्रियात सुट्टी असते, त्यामुळे गर्दी तोपर्यंत ओसरत नाही.

माझ्या मते नवख्या जोडप्यासाठी उत्तम काळ म्हणजे संक्रांतीनंतरचे दोन आठवडे. खोल्यांचे दर उतरलेले असतात, डोंगरात बर्फ स्थिरावलेला असतो आणि दिवसही डिसेंबरपेक्षा जवळजवळ पाऊण तासाने वाढलेला असतो. बाजार मात्र तेव्हा नसतात, म्हणून शक्य असल्यास डिसेंबरात शनिवार-रविवारची एक छोटी सहल आणि जानेवारीच्या उत्तरार्धात चार-पाच दिवसांची एक सहल अशी विभागणी करावी. फेब्रुवारीत शाळांना सुट्टी लागते तेव्हा आल्प्समधली गावे पुन्हा भरतात. त्या दिवसांत थंडीचाच कंटाळा आला असेल, तर सरळ दक्षिण स्पेनमधल्या अंडालूसियाला जावे. सेव्हिलच्या रस्त्यांवर तेव्हा झाडांना संत्री लगडलेली असतात आणि स्वेटरवर भागते.

तिसरी पायरी: एक गाव, एक दिवस, एक वेळापत्रक

तीन रात्रींसाठी एकच मुक्काम ठेवावा, असे मी आग्रहाने सांगेन. हिवाळ्यात गाव बदलणे म्हणजे जाडजूड कपड्यांनी फुगलेली बॅग बर्फाच्या चिखलातून ओढणे, आणि दिवसातल्या आठ तासांच्या उजेडातले चार तास गाडीत घालवणे. एका गावी राहून आसपास जाऊन येणे अधिक फलदायी ठरते, कारण खोलीवर परत येऊन ओले मोजे बदलता येतात. ही सोय क्षुल्लक वाटते, पण पाय ओले झाल्यावर तिचे मोल कळते.

दिवस आम्ही पुढीलप्रमाणे विभागतो. उघड्यावर पाहायचे जे असेल, म्हणजे किल्ला, तळे, डोंगर, जुने गाव, ते सकाळी नऊ ते दुपारी एक या वेळेत पाहून घ्यायचे. जेवण झाल्यावर चारपर्यंत छपराखाली, म्हणजे संग्रहालयात, चर्चमध्ये किंवा जुन्या कॉफीगृहात बसायचे. चार ते सहा खोलीवर विश्रांती, आणि अंधार पडल्यावर दिव्यांसाठी पुन्हा बाहेर. दुपारी तीननंतर उघड्यावरचे नवे काहीही सुरू करायचे नाही, हा नियम आम्ही एकदाच मोडला आणि टेकडीवरून उतरताना मोबाइलच्या उजेडात निसरड्या पायऱ्या मोजत आलो. बहुतेक संग्रहालये सोमवारी बंद असतात, तेव्हा सोमवार डोंगरासाठी राखावा.

जोडप्याच्या प्रवासात आणखी एक गोष्ट असते, ती कोणत्याही वेळापत्रकात सापडत नाही. दोघांची थंडी सहसा सारखी नसते. माझी बोटे शून्यालाच बधिर होतात, तर नवरा उणे पाचात टोपी काढून हिंडतो. म्हणून ‘थंडी वाजते का?’ असे विचारत बसण्यापेक्षा, ज्याला जास्त वाजते त्याच्या हिशोबाने बाहेर राहण्याची मर्यादा आधीच ठरवून ठेवावी; आमच्यात ती दीड तास आहे. त्याचप्रमाणे सगळी तिकिटे एकाच्याच फोनमध्ये ठेवू नयेत. नोकरी एकाची, बँकखाते एकाचे, मग तिकिटांचे अॅपही त्याचेच, असे सहज घडत जाते. आणि थंडीत फोनची बॅटरी अर्ध्यावरून अचानक शून्यावर येते तेव्हा दोघेही विनातिकीट ठरतात. तिकिटे दोघांच्या फोनमध्ये असावीत आणि फोन जाकिटाच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला असावेत.

चौथी पायरी: रेल्वे

जर्मनीतल्या सर्व प्रादेशिक गाड्या, बस, ट्राम आणि मेट्रोसाठी महिन्याचे एकच तिकीट मिळते. २०२३ मध्ये ते ४९ युरोंना सुरू झाले, २०२५ मध्ये त्याची किंमत ५८ युरो झाली आणि २०२६ पासून ती ६३ युरो आहे. ते वेगवान लांब पल्ल्याच्या गाड्यांत चालत नाही, पण प्रादेशिक गाडीने सीमेपलीकडच्या साल्झबर्ग मुख्य स्थानकापर्यंत आणि तिरोलमधल्या कुफस्टाइनपर्यंत चालते. म्हणजे म्युनिकहून साल्झबर्गला जाणे-येणे महिन्याच्या तिकिटातच भागते, आणि वेळ वेगवान गाडीपेक्षा फार तर अर्धा तास जास्त लागतो. हे तिकीट व्यक्तिगत असते, म्हणून प्रत्येकाचे वेगळे काढावे लागते; ते दर महिन्याला आपोआप वाढते आणि बंद करायचे झाल्यास त्या महिन्याच्या १० तारखेच्या आत कळवावे लागते. ज्या जोडप्यात एकाकडेच ते आहे, किंवा दोघांकडेही नाही, त्यांनी बव्हेरियाचे दिवसाचे तिकीट पाहावे. ते एका नावावर काढून सोबत्यासाठी थोडी रक्कम वाढवता येते आणि तेही साल्झबर्गपर्यंत चालते. मात्र सोमवार ते शुक्रवार सकाळी नऊच्या आत त्यावर निघता येत नाही.

लांबच्या प्रवासाला, म्हणजे वेगवान गाडीने सुमारे चार तासांवरच्या व्हिएन्नाला किंवा साडेतीन तासांवरच्या झुरिकला जाताना, सवलतीचे तिकीट जितके आधी काढाल तितके स्वस्त पडते. एकाच गाडीचे तिकीट जर्मन आणि ऑस्ट्रियन रेल्वेच्या संकेतस्थळांवर कधी कधी वेगवेगळ्या दराला मिळते, म्हणून दोन्हीकडे पाहून मगच पैसे भरावेत. सवलतीचे तिकीट ठरावीक गाडीलाच बांधलेले असते. परंतु जर्मन रेल्वेच्या तिकिटावर मुक्कामी पोहोचायला २० मिनिटे किंवा अधिक उशीर होणार असे दिसले की ते बंधन सुटते आणि दुसऱ्या गाडीने जाता येते. उशीर तासाभराचा झाला तर भाड्याचा चौथा हिस्सा आणि दोन तासांचा झाला तर निम्मे भाडे परत मागता येते. हिमवृष्टीच्या दिवसांत गाडी बदलण्यासाठी सहा मिनिटे असलेला मार्ग निवडू नये. निदान अर्धा तास हाताशी ठेवावा, आणि दिवसातल्या शेवटच्या गाडीवर कधीही विसंबू नये.

मोटारीबद्दल थोडक्यात सांगायचे, तर जर्मनीत राहायला आल्यापासून सहा महिन्यांनंतर भारतीय परवान्यावर गाडी चालवता येत नाही, बर्फाळ रस्त्यावर हिवाळी टायर लागतात, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडच्या महामार्गांसाठी वेगळा पास घ्यावा लागतो, आणि उतारावरच्या बर्फात ब्रेक मारण्याची सवय आपल्या पायाला नसते. पहिल्या हिवाळ्यात रेल्वेच बरी.

पाचवी पायरी: अंगावर काय घालावे

जर्मन लोक थंडीतल्या कपड्यांना ‘कांद्याचे तत्त्व’ म्हणतात, आणि कांद्याशी आपली ओळख त्यांच्यापेक्षा जुनी असल्यामुळे ते समजायला सोपे जाते: एक जाड साल नको, अनेक पातळ पापुद्रे हवेत. बाहेर उणे पाच, आणि गाडीत, दुकानात, संग्रहालयात वीस-बावीस अंश, असा फरक दिवसातून दहा वेळा सोसायचा असतो. भारतातून आणलेला जाडजूड विणलेला स्वेटर घरात घालवत नाही आणि बाहेर वारा अडवत नाही. महाबळेश्वरला पुरलेले जाकीट इथे ऑक्टोबरातच हात टेकते.

अंगालगत लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा थर असावा. सुती बनियन नको, कारण सूत घाम धरून ठेवते आणि चालणे थांबले की तोच घाम गार पडून हुडहुडी भरवतो. त्यावर पातळ लोकरीचा किंवा फ्लीसचा थर, आणि सर्वांत वर वारा व पाणी अडवणारे, मांड्यांपर्यंत येणारे जाकीट. डोके, मान आणि मनगटे झाकलेली असली पाहिजेत; मनगट उघडे राहते त्या दोन बोटांच्या जागेतून किती थंडी आत शिरते, हे अनुभवल्याखेरीज पटत नाही. साडी नेसायची हौस असेल तर तीही भागते: आत लोकरीची लेगिंग, पायांत बूट आणि वर लांब कोट अशा थाटात मी शहरातल्या महाराष्ट्र मंडळाच्या हळदीकुंकवाला गेले आहे, आणि तिळगूळ वाटणाऱ्या निम्म्या बायका तशाच आलेल्या होत्या.

पैसे खर्च करायचेच असतील तर बुटांवर करावेत. केनिग्झे हे बेर्ख्टेसगाडेनजवळचे डोंगरांच्या कुशीतले तळे आहे. तिथे हिवाळ्यातही विजेच्या बोटी सांक्ट बार्थोलोमे या लाल घुमटांच्या चर्चपर्यंत जातात. उन्हाळ्यात त्या पुढे सालेटपर्यंत जातात, तो टप्पा हिवाळ्यात बंद असतो. वाटेत एका उभ्या कड्यासमोर बोट थांबवून नावाडी तुतारी वाजवतो आणि कडा तेच सूर परत पाठवतो. मी तिथे जाळीदार कापडाच्या खेळाच्या बुटांत गेले होते. धक्क्यापर्यंतच्या दहा मिनिटांच्या वाटेवर घोट्याएवढा भुसभुशीत बर्फ होता. तो बुटांत शिरला, वितळला, आणि बोट मधोमध थांबून सगळे जण कान देऊन प्रतिध्वनी ऐकत असताना मी पायांची बोटे हलतात की नाही एवढेच पाहत होते. चर्चजवळच्या उपाहारगृहात नवऱ्याने माझे मोजे रेडिएटरवर वाळत घातले. तेव्हा बूट जलरोधक असावेत, तळव्याला खोल खाचा असाव्यात, आणि जाड मोज्यांसह बोटे मोकळी हलतील एवढे ते मोठे असावेत. घट्ट बुटात रक्त फिरत नाही आणि मोजा कितीही चांगला असला तरी पाय गारच राहतो. बुटाला बाहेरून अडकवायचे, खिळे बसवलेले रबरी पट्टे थोड्या पैशांत मिळतात आणि निसरड्या दिवशी फार उपयोगी पडतात. ते नसतील तर पावले लहान टाकावीत आणि हात खिशात घालू नयेत.

सहावी पायरी: राहणे आणि खाणे

स्वयंपाकघर असलेली सुट्टीची सदनिका घेतली की हिवाळ्यातली निम्मी चिंता मिटते. रविवारी आणि सणाच्या दिवशी किराणा दुकाने बंद असतात. मोठ्या रेल्वे स्थानकांतली दुकाने बहुधा उघडी असतात, पण भाव चढे असतात. म्हणून नाताळच्या मुक्कामासाठी २३ तारखेलाच भाजी, दूध, ब्रेड घेऊन ठेवावे. भाजणीचे पीठ, मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी या तीन वस्तू आमच्या बॅगेत कायम असतात. संध्याकाळी पाचच्या काळोखात गरम थालीपिठाने जे समाधान मिळते, ते कोणत्याही हॉटेलात विकत मिळत नाही. मात्र फोडणी जपून करावी. खोलीतले धुराचे यंत्र मोहरी तडतडताच बोंबलू लागते, आणि हॉटेलात ते अग्निशमन दलाशी जोडलेले असेल तर त्याचे बिल पाहुण्याच्या माथी येऊ शकते. आणखी एक सूचना घरून येणाऱ्या आईवडिलांसाठी: दूध आणि मांस यांपासून बनलेले पदार्थ भारतातून युरोपीय संघात सामानातून आणायला मनाई आहे, त्यामुळे पेढे आणि तूप घरीच ठेवावे.

शाकाहारी मंडळींनी दोन शब्द पाठ करावेत: ‘श्पेक’ म्हणजे डुकराचे खारवलेले मांस आणि ‘श्माल्ट्स’ म्हणजे बहुधा डुकराची चरबी. बटाट्याच्या आणि कोबीच्या निरुपद्रवी दिसणाऱ्या पदार्थांत ही दोन्ही असू शकतात, म्हणून मागवण्याआधी विचारून घ्यावे. बाजारात बटाट्याची कुरकुरीत थापी सफरचंदाच्या गोड चटणीबरोबर मिळते, भाजलेली चेस्टनट आणि साखरेत घोळलेले बदाम मिळतात. ऑस्ट्रियात आणि बव्हेरियात गेर्मक्न्योडेल नावाचा वाफवलेला मोठा गोळा मिळतो; आत आलुबुखारचे सारण, वर खसखस आणि वितळलेले लोणी असा हा प्रकार मोदकाच्या दूरच्या नात्यातला वाटतो. गरम मसालेदार वाइन ज्या मगात देतात त्याची अनामत रक्कम किमतीत धरलेली असते. मग परत दिला की पैसे परत मिळतात, आणि आवडला तर ठेवून घेता येतो. मद्य न घेणाऱ्यांनी ‘किंडरपुन्श’ मागावे.

अनेक पर्यटनस्थळी खोलीबरोबर पाहुण्यांचे कार्ड देतात. काळ्या जंगलाच्या, म्हणजे ब्लॅक फॉरेस्टच्या, परिसरात त्यावर स्थानिक बस आणि रेल्वे फुकट असते. कार्ड आपण होऊन दिले नाही तर मागून घ्यावे.

दिवसभराच्या गारठ्यानंतर उष्ण पाण्याच्या स्नानगृहात जाणे हा इथल्या हिवाळ्याचा खरा ऐषाराम आहे, पण नवख्यांनी आधीच जाणून घ्यावे की जर्मनी आणि ऑस्ट्रियात सौनाच्या, म्हणजे घाम काढणाऱ्या गरम खोल्यांच्या, विभागात स्त्री-पुरुष एकत्र आणि बहुधा विवस्त्र असतात. पोहण्याच्या कपड्यांत तिथे जाऊ देत नाहीत. ज्यांना ते रुचणार नाही त्यांनी फक्त तलावांच्या विभागाचे तिकीट घ्यावे, किंवा बुडापेस्टला जावे. तिथले सेचेनी स्नानगृह १९१३ चे आहे, पोहण्याचे कपडे घालूनच आत जातात, आणि उघड्या आभाळाखाली गळ्यापर्यंत ऊन पाण्यात बसून डोक्यावर बर्फ झेलता येतो.

सातवी पायरी: डोंगर, विमा आणि स्वित्झर्लंडच्या खोडी

जानेवारीत कित्येक दिवस खाली दरीत राखाडी धुके दाटलेले असते आणि वर शिखरावर लख्ख ऊन पडलेले असते, कारण जड थंड हवा दरीत साचते आणि उबदार हवा तिच्यावर झाकणासारखी बसते. म्हणून गावातले आभाळ पाहून बेत रद्द करू नये, आणि गावात ऊन आहे म्हणून वरचे महाग तिकीटही डोळे मिटून काढू नये. शिखरावरच्या कॅमेऱ्याचे थेट चित्र संकेतस्थळावर पाहून मग ठरवावे. २,९६२ मीटर उंचीच्या त्सुगश्पिट्झला जाणारे अनेक जण हे न पाहता जातात आणि ढगाचे फोटो घेऊन येतात. वर गॉगल आणि उन्हाचे मलम लागते, कारण बर्फावरून परावर्तित झालेले ऊन हनुवटीच्या खालूनही भाजते.

स्कीइंगचा खर्च पहिल्याच वर्षी करू नये. लाकडी घसरगाडी भाड्याने घेऊन सोप्या उतारावरून दोघांनी घसरत येणे स्वस्त आहे आणि अधिक हसवते. चालायचे असेल तर हिवाळी पायवाट म्हणून खुणा केलेल्या, बर्फ दाबून तयार केलेल्या वाटांवरूनच चालावे. हिमस्खलनाच्या धोक्याची पातळी १ ते ५ अशी रोज जाहीर होते; नवख्या माणसाने ३ पाहिल्यावर वाट सोडण्याचा विचारही करू नये. मदतीसाठी सगळीकडे ११२ हा क्रमांक आहे. ऑस्ट्रियात डोंगरातल्या बचावासाठी १४० आहे.

सरकारी आरोग्यविमा असलेल्यांच्या कार्डामागे युरोपीय विमाकार्ड छापलेले असते आणि ते युरोपीय संघातल्या जवळजवळ सर्व देशांत चालते. परंतु भारतीय नागरिकांसाठी ते डेन्मार्क, नॉर्वे, आइसलंड, लिख्टेनश्टाइन आणि स्वित्झर्लंडमध्ये चालत नाही. हेलिकॉप्टरने केलेल्या बचावाचा खर्चही त्यात बहुधा येत नाही. वर्षभराचा प्रवासविमा दोघांसाठी मिळून फार महाग नसतो, तो काढावा. डोंगरात वारंवार जायचे असेल, तर जर्मन अल्पाइन संघटनेच्या सदस्यत्वात बचावाच्या खर्चाचे संरक्षण मिळते.

स्वित्झर्लंडला जाताना आणखी तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. युरोपीय संघातले मोबाइलचे मोफत रोमिंग इथे आपोआप लागू होत नाही, तेव्हा सीमा येण्यापूर्वी इंटरनेट बंद करावे किंवा आपल्या पॅकमध्ये हा देश आहे का ते पाहावे. चलन फ्रँक आहे. आणि जर्मनीतला जाड गोल प्लग तिथल्या भिंतीत बसत नाही.

पहिल्या सहलीचा नमुना

एवढे वाचून कोणी मला विचारलेच की पहिल्यांदा कुठे जावे, तर मी साल्झबर्ग सांगेन, शुक्रवार दुपार ते रविवार संध्याकाळ. शुक्रवारी कामावरून थोडे लवकर सुटून प्रादेशिक गाडी पकडावी आणि रात्री फक्त दिवे पाहावेत. शनिवारी सकाळी नऊलाच १०७७ मध्ये बांधायला घेतलेल्या होहेनसाल्झबर्ग किल्ल्यावर चढावे, म्हणजे गर्दीच्या आधी आल्प्सचा पडदा दिसतो. दुपारी गेट्राइडेगासे या गल्लीतल्या ९ क्रमांकाच्या घरात जावे, जिथे १७५६ च्या जानेवारीत संगीतकार मोझार्ट जन्मला. अडीचच्या सुमारास कॉफी, मग खोली, मग बाजार.

रविवारी साल्झबर्गच्या मुख्य स्थानकातून लोकल गाडीने अर्ध्या तासात ओबेर्नडोर्फला जावे. ‘शांत रात्र’ हे नाताळचे गीत २४ डिसेंबर १८१८ च्या रात्री याच गावच्या चर्चमध्ये गिटारच्या साथीने पहिल्यांदा गायले गेले. ते चर्च आता नाही. त्याच्या जागी एक लहानसे अष्टकोनी देवालय आहे, आणि त्यात वीस-पंचवीस माणसे दाटीवाटीने मावतील. नाताळच्या आधीच्या रविवारी तिथे रीघ असते, जानेवारीत कोणी नसते.

परतताना पुन्हा साल्झबर्गमार्गे वळसा घेऊ नये. ओबेर्नडोर्फला लागूनच साल्झाख नदी आहे आणि तिच्यावर जुना लोखंडी पूल आहे. पुलाच्या अलीकडे ऑस्ट्रिया, पलीकडे लाउफेन हे जर्मन गाव. पाच मिनिटे चालून देश ओलांडायचा, लाउफेनच्या स्थानकावर प्रादेशिक गाडीत बसायचे आणि फ्रायलासिंगला म्युनिकची गाडी धरायची. महिन्याचे तिकीट इथपासून घरापर्यंत चालते. पूल ओलांडण्यापूर्वी दोघांनी गळ्यातले पाकीट एकदा चाचपून पाहावे.